राजारामपुरीत रॅमचं टायमिंग बसवून घेतलं: दुकानाचा अनुभव

माझं सिम्युलेशन पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी बंद पडलं होतं. मला ते कळलं सकाळी सव्वानऊला, खोलीचं कुलूप उघडल्यावर. स्क्रीनवर एका ओळीचा एरर, काम ७१ टक्क्यांवर थांबलेलं आणि अकरा वाजता शिरोलीहून फाउंड्रीचा (ओतकाम कारखान्याचा) माणूस रिपोर्ट न्यायला येणार. एका महिन्यात असं चौथ्यांदा झालं. त्या दिवशी दुपारी मी कॅबिनेट गाडीत घातलं आणि कोल्हापुरातल्या राजारामपुरीत एका दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथल्या कामाबद्दल हे लिहिते आहे.

आधी माझं काम काय ते सांगते, म्हणजे मी रॅमच्या एवढी मागे का लागले ते कळेल. शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाचा साचा करायला लागणाऱ्या नमुन्यांचं, वर्कशॉप आहे. सासऱ्यांनी लाकडी पॅटर्नपासून सुरुवात केली. आता खाली नवरा सीएनसीवर पॅटर्न आणि कोअरबॉक्स काढतो आणि वरच्या पत्र्याच्या खोलीत मी मेथडिंग करते. कास्टिंगमध्ये धातू कुठून आत घ्यायचा, रायझर (गोठताना कमी पडणारा धातू पुरवणारा साठा) कुठं आणि केवढा ठेवायचा, हे आधी कॉम्प्युटरवर ओतून बघायचं. धातू शेवटी कुठं गोठतो ते दिसलं की श्रिंकेज (आकसल्याने पडणारी पोकळी) कुठं येणार ते कळतं. एकेक रन सहा-सात तासांचा. रात्री लावून जायचं आणि सकाळी निकाल बघायचा, असं आमचं चालतं.

मशीन साधंच आहे, पण जपून घेतलेलं. बारा कोअरचा रायझन ५९००एक्स प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, आणि सुरुवातीला रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक. ३२०० चा वेग, सीएल १६ (याचा अर्थ पुढे येतो), १.३५ व्होल्ट. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना चालणारा मदरबोर्डचा मूळ प्रोग्रॅम) एक्सएमपी, म्हणजे रॅम कंपनीने दिलेलं वेगाचं तयार सेटिंग, चालू केलं होतं आणि दोन वर्षं तक्रार नव्हती. मागच्या दिवाळीनंतर मोठी कास्टिंग यायला लागली आणि ३२ जीबी पुरेनात. म्हणून त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेल नंबरच्या आणखी दोन स्टिक आणल्या. चारी खाचा भरल्या, ६४ जीबी दिसले, मशीन चालू झालं. थंडीत सगळं ठीक होतं. मार्च लागला आणि त्रास सुरू झाला.

रन मध्येच पडणं हा त्यातला लहान त्रास. झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची सूचना) यायची आणि तीच फाइल दुसऱ्यांदा उघडली की नीट उघडायची. आठवड्यातून एखादी निळी स्क्रीन. पण मला खरी भीती बसली ती एका निकालाने. ४२ किलोचं एसजी आयर्नचं (एका प्रकारच्या बिडाचं) हाउसिंग होतं. तीच फाइल, तेच सेटिंग, दोनदा चालवलं आणि शेवटी गोठणारी जागा दोन्ही वेळा वेगळी आली. समांतर गणित करताना दशांशात खूप पुढे बारीक फरक पडतो, तो मला माहीत आहे. हा तसला नव्हता. एका निकालात हॉटस्पॉट (ती शेवटी गोठणारी जागा) बॉसच्या, म्हणजे जाड उंचवट्याच्या, खाली होता, दुसऱ्यात कडेच्या फ्लँजमध्ये. चुकीच्या निकालावर मी रायझर हलवला असता तर फाउंड्रीने त्यावर शंभर नग ओतले असते. मशीन बंद पडलं तर माझी एक रात्र जाते. मशीन गुपचूप चुकलं तर दुसऱ्याचा धातू जातो.

त्याआधी दोन ठिकाणी पैसे घालवले. नावं घेत नाही. एकाने व्हायरस म्हणून विंडोज नव्याने टाकून दिलं. दुसरा खोलीवर आला, बायोसमध्ये शिरून रॅमचं व्होल्टेज १.४५ केलं, ‘आता नाही पडणार’ म्हणाला आणि दहा मिनिटांत गेला. त्यानंतर ते जास्त पडायला लागलं, तेही दुपारी, पत्रा तापल्यावर.

राजारामपुरीतलं हे दुकान पहिल्या मजल्यावर आहे. काउंटरच्या मागे एक लांब टेबल, त्यावर उघडी मशीनं आणि दोन भाऊ. थोरला काम बघतो. मी कॅबिनेट ठेवल्यावर त्याने लगेच ते उघडलं नाही. खुर्ची दिली आणि विचारायला लागला. कधी पडतं? चालू केल्या केल्या की तापल्यावर? रॅम वाढवायच्या आधी कधी पडलं होतं का? कुणी बायोसमध्ये हात घातला का? मी वहीत तारीख-वेळ लिहून ठेवली होती, ती दाखवली. त्याने पूर्ण वाचली आणि म्हणाला, “ताई, मशीन चालू होतंय म्हणजे ठीक आहे असं नसतंय. ठेवून जावा. मी आधी टेस्ट लावतो, मग बोलूया.”

दुसऱ्या दिवशी त्याने बोलावलं. चारी स्टिक टेबलावर होत्या, प्रत्येकीवर मास्किंग टेपचा तुकडा आणि पेनाने नंबर. धातूच्या पिनांवर त्याने खोडरबर फिरवला नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, रबराने सोन्याचा मुलामा झिजतो आणि भुगा खाचेत पडतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. आमच्या उद्यमनगरातली काळी धूळ कापडावर चांगलीच उतरली होती.

मग खरी गोष्ट दाखवली. प्रत्येक स्टिकवर एक लहानशी चिप असते, त्या स्टिकची माहिती तिच्यातच लिहिलेली असते. एसपीडी म्हणतात तिला. ती वाचल्यावर कळलं की स्टिकर एकच असला तरी जुनी आणि नवी जोडी आतून वेगळी आहे. जुन्या जोडीत ८ गिगाबिटच्या सोळा चिप, दोन्ही बाजूंना आठ-आठ, म्हणजे ड्युअल रँक (एकत्र काम करणाऱ्या चिपचे दोन गट). नव्या जोडीत १६ गिगाबिटच्या आठच चिप, एका बाजूला, म्हणजे सिंगल रँक (एकच गट). वरून पत्र्याचं आवरण असल्याने बाहेरून काही दिसत नाही. कंपन्या मॉडेल नंबर तोच ठेवून आतली चिप बदलतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. म्हणूनच दोन किंवा चार स्टिकचा एकत्र पॅक केलेला संच विकतात आणि हमीही त्या संचापुरतीच असते.

त्याने मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून चालवलं होतं. विंडोज न उठवता थेट रॅम तपासणारा हा मोफत प्रोग्रॅम. जुनी जोडी एकटी लावली: एकही एरर नाही. नवी जोडी एकटी: तीही स्वच्छ. चारी एकत्र लावल्या की लाल ओळी. म्हणजे कुठलीही स्टिक खराब नव्हती. इथं दुसरा कुणी असता तर ‘चारी बदला’ म्हणून सांगून मोकळा झाला असता. हा पुढे खोदत गेला आणि इथूनच या दुकानाबद्दल माझं मत बनलं.

टायमिंग म्हणजे काय हे त्याने सांगितलं आणि मला ते आमच्या पॅटर्न स्टोअरसारखं वाटलं. माळ्यावर रॅकच्या ओळी आहेत. आधी हवी ती ओळ उघडायची, मग त्यातला पॅटर्न काढायचा. दुसऱ्या ओळीतला हवा असेल तर आधीची ओळ बंद करायची, मग पुढची. रॅममध्येही ओळी आणि रकाने असतात. १६-१८-१८-३८ असे जे आकडे लिहितात त्यातला पहिला, म्हणजेच सीएल, हा रकाना सांगितल्यापासून डेटा हातात पडेपर्यंतचे ठोके. दुसरा ओळ उघडायला लागणारे, तिसरा ओळ बंद करायला लागणारे, आणि चौथा म्हणजे ओळ निदान एवढे ठोके उघडी ठेवायची. हे ठोके आहेत, वेळ नाही. ३२०० ची रॅम खरं तर १६०० मेगाहर्ट्झवर चालते, एका ठोक्यात दोनदा डेटा देते. एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा, म्हणून सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. तीच ३२०० ची रॅम सीएल २२ वर चालली तर पावणेचौदा. नुसता मोठा आकडा बघून रॅम घेणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून बघावा.

पण आमची चूक या चार आकड्यांत नव्हतीच. ती होती खाली दडलेल्या पाचव्या आकड्यात, टीआरएफसी नावाच्या.

रॅमचा प्रत्येक बिट म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर. तो गळतो. त्यातला भार टिकावा म्हणून प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी पुन्हा भरावी लागते. त्या ६४ मिलिसेकंदांत ८१९२ वेळा भरण्याचा हुकूम सुटतो, म्हणजे साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक. उष्णता वाढली की गळती वाढते. चिप ८५ अंशांच्या वर गेली तर हेच काम दुप्पट वेळा करायचं असं डीडीआर४ च्या नियमातच आहे. आणि हुकूम सुटला की भरणं पुरं होईपर्यंत त्या चिपला दुसरं काम सांगायचं नाही. ती थांबण्याची वेळ म्हणजे टीआरएफसी. चिप जितकी मोठी, तितकी ही वेळ जास्त. ८ गिगाबिटच्या चिपला ३५० नॅनोसेकंद, १६ गिगाबिटच्या चिपला ५५०.

माझ्या मदरबोर्डने एक्सएमपी चालू केल्यावर जुन्या जोडीचं प्रोफाइल चारी स्टिकना लावलं होतं. टीआरएफसी ५६० ठोके, म्हणजे बरोब्बर ३५० नॅनोसेकंद. जुन्या जोडीला ते योग्य. नव्या जोडीला ८८० हवे होते. भरणं पुरं व्हायच्या आत तिला कामाला लावलं जात होतं. थंडीत ती ते कसंबसं निभावत होती आणि एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली निभावत नव्हती. त्यात व्होल्टेज वाढवून आधीच्या माणसाने तिला आणखी तापवलं होतं. माझ्या वहीतल्या वेळा आणि हे कारण त्याने शेजारी-शेजारी ठेवून दाखवलं. महिनाभर डोक्यात फिरत असलेलं कोडं समोर सुटताना बघून मला फार बरं वाटलं.

टीआरएफसी ८८० केल्यावर लाल ओळींचा पाऊस थांबला. पण सहा तासांत एक एरर आलाच. मी म्हटलं, एकच आहे ना? तो म्हणाला, “एक बी चालत नाही. एक म्हणजे कवा बी शंभर.” मग मीच विचारलं की व्होल्टेज थोडं वाढवून ३२०० टिकेल का. त्याने आधीच १.३७ वर करून बघितलं होतं, फरक पडला नव्हता. कारण उरलेली अडचण स्टिकची नव्हती, प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलरची होती. या पिढीच्या रायझनला एएमडी ३२०० सांगते ते दोन स्टिकसाठी. चार सिंगल रँक लावल्या तर २९३३ आणि चार ड्युअल रँक लावल्या तर २६६६. माझ्याकडे दोन्हीची भेसळ. चारी खाचा भरून ३२०० मागणं हे प्रोसेसरने दिलेल्या शब्दाच्या पलीकडचं होतं. एक्सएमपीचा आकडासुद्धा कंपनीने तिच्या संचावर तपासलेला असतो, माझ्या चार स्टिकवर तो कुणीच तपासलेला नव्हता.

शेवटी त्याने सगळं हाताने बसवलं. वेग २९३३, टायमिंग १६-१८-१८-३६, टीआरएफसी ८१०, रॅमचं व्होल्टेज परत १.३५. बोर्डाने ‘ऑटो’मध्ये एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरला मिळणारं) १.२ वर नेऊन ठेवलं होतं, ते १.१ वर आणून स्थिर केलं. प्रोसेसरच्या आतले भाग जोडणाऱ्या फॅब्रिकचा वेगही रॅमच्या खऱ्या वेगाएवढा, १४६७ केला, कारण रायझनमध्ये हे दोन्ही एका पायात चालले नाहीत तर विलंब वाढतो. गिअर डाउन मोड (रॅमला हुकूम संथपणे देऊन स्थिरता वाढवणारं सेटिंग) चालू ठेवला. स्टिकवर वारा लागेल असा एक १२० मिलिमीटरचा पंखा बसवला. सीएल १६ चे आता १० ऐवजी १०.९ नॅनोसेकंद होतात.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. बायोसचा सेल जुना होता, सीआर२०३२, तो बदलला. सेल मेला की हाताने बसवलेलं सगळं पुसून जातं आणि मशीन गप्प मूळ सेटिंगवर येतं. सेटिंग बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून सेव्ह केलं, आणि वर एका कागदावर सगळे आकडे, तारीख, कुठल्या खाचेत कुठल्या नंबरची स्टिक, हे लिहून कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला. बायोस अपडेट केलं की हे जाईल, तेव्हा या कागदावरून परत भरा, असं बजावून सांगितलं. आमच्याकडे प्रत्येक पॅटर्नवर नंबर आणि श्रिंकेज अलाउन्स लिहिलेला असतो, तसंच हे.

मग टेस्ट. मेमटेस्टच्या चार फेऱ्या. ६४ जीबीला एकेक फेरी खूप वेळ खाते. मग विंडोजमध्ये प्रोसेसर आणि रॅमवर ताण देणाऱ्या प्राइम९५ प्रोग्रॅमची ब्लेंड टेस्ट बारा तास, कारण मेमटेस्टमध्ये प्रोसेसर तेवढा तापत नाही आणि खऱ्या कामात दोन्ही एकदम तापतात. आणि शेवटी त्याने मला फोन करून सांगितलं, “ताई, तुमचं सॉफ्टवेअरचं डोंगल, ती परवान्याची यूएसबी किल्ली, घेऊन या, तुमचंच काम चालवून बघूया.” मी तेच ४२ किलोचं हाउसिंग दिलं. दोनदा चालवलं. दोन्ही वेळा हॉटस्पॉट बॉसखालीच.

मी तिथं बसले असताना कॉलेजचा एक मुलगा आला होता. त्याला नव्या डीडीआर५ मशीनवर ६००० च्या वर जायचं होतं आणि त्यासाठी एसओसी व्होल्टेज वाढवून हवं होतं. थोरल्याने सरळ नाही म्हटलं. २०२३ मध्ये रायझन ७००० चे काही प्रोसेसर जळाले, त्यानंतर एएमडीने बायोसमधून ते व्होल्टेज १.३ वर बांधलं, हे त्याला समजावलं. मुलगा म्हणाला, डीडीआर५ मध्ये आतच एरर दुरुस्त होतात ना? त्यावरचं उत्तर मी लिहून घेतलं: होतात, पण चिपच्या आतल्या. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक त्यात सापडत नाही, त्यासाठी खरी ईसीसी, म्हणजे वाटेतल्या चुकाही पकडून दुरुस्त करणारी, रॅम लागते. पुढचं मशीन घेताना मी ईसीसी चालणारा बोर्ड बघूनच घेणार आहे.

तक्रारीही आहेत. दोन दिवस सांगून चार दिवस लागले. टेस्टला वेळ लागतो हे मला मान्य आहे, पण ते पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं; माझ्या दोन फाउंड्री खोळंबल्या. बदली मशीन मिळत नाही. घरी किंवा वर्कशॉपवर येत नाहीत. फोन धाकटा उचलतो आणि त्याला तुमच्या मशीनचं काय चाललंय ते माहीत नसतं, निरोप ठेवावा लागतो. जिना उभा आणि अरुंद आहे, जड कॅबिनेट असेल तर सोबत कुणाला तरी न्या. जीएसटीचं बिल मागितल्यावर दिलं, आपणहून नाही.

पैसे झाले २,३५०. त्यात कामाचे १,८००, बाकी पंखा आणि सेल. आधीच्या दोघांना मिळून मी याहून जास्त दिले होते. यांनी मला नवी रॅम विकली नाही. ३२ जीबीच्या दोन स्टिकचा एक संच घेतलात तर ३२०० सुखाने मिळेल असं सांगितलं, भावही सांगितला, आणि ‘पण आत्ता गरज नाही’ असंही सांगितलं. पाचातले साडेचार मी देते. अर्धा त्या दोन दिवसांसाठी कापला.

दुकानाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. थोरल्यानेच नको म्हटलं. हात दोघांचेच आहेत आणि प्रत्येक मशीन रात्रभर टेस्टला लावायचं तर टेबलावर जागा तीन मशीनांचीच. मला थेट विचारलंत तर पत्ता सांगेन. सकाळी अकराच्या आत जा, नंतर त्या गल्लीत दुचाकी लावायलासुद्धा जागा मिळत नाही. आणि जाताना मशीन कधी-कधी पडलं त्याची यादी लिहून न्या, तो ती खरंच वाचतो.

मशीन आणून आता नऊ आठवडे झाले. मधे मे महिन्याचं ऊन गेलं, वळवाच्या पावसात तीनदा लाईट गेली, यूपीएसने सांभाळलं. एक्केचाळीस रन झाले. पूर्वी सात तास दहा मिनिटांत होणाऱ्या रनला आता सात तास पंचवीस लागतात. मधे पडला असा त्यात एकही नाही. काल रात्री गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीचं पंप बॉडीचं काम लावून गेले होते, सकाळी आल्यावर चहा ठेवायच्या आधी निकाल उघडला.